दगडआत्तीचा बांध

माझी आत्ती रागात उठायची आणि रागात झोपायची. मधल्या वेळात ती काम करायची, तेही रागातच. तिनं भाकरी थापायला घेतली की शेजारच्या घरात आवाज जायचा. रानात कुणीही येवो, तलाठी असो, जनावरांचा डॉक्टर असो, नाहीतर मुलगी बघायला आलेले पाहुणे असोत, तिचा नियम एकच. आलेल्या माणसानं रानातला एक दगड उचलायचा, उताराच्या कडेला चाललेल्या बांधावर नेऊन रचायचा आणि मगच पाण्याच्या तांब्याला हात लावायचा. "पावणं, येताना रिकाम्या हातानं आलासा, ऱ्हाऊ दे. आता त्यो दगूड उचला. मग पानी देतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही 'देतो, जातो' असंच बोलतात, आणि आत्तीच्या तोंडी तर ते शोभायचंच.

मला बघायला आलेल्या माझ्या सासऱ्यांनीही कडक इस्त्रीच्या धोतरात दगड उचलला होता. त्यांनी तो उलटा ठेवला. आत्ती सगळ्यांसमोर खेकसली, "रुंद बाजू खाली! आन् फट ऱ्हायली तितं कपची घाला." माझे वडील लाजेनं अर्धे झाले. स्थळ मोडलं असंच सगळ्यांनी धरलं. पण लग्न झालं, आणि सासरे शेवटपर्यंत कौतुकानं सांगायचे की सूनबाईच्या माहेरच्या बांधात आमचाही एक दगड आहे. तो दगड आज तिथं नाही. का नाही, ते सांगायला मी बसले आहे.

आमच्या वसाहतीला यंदा पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त फाट्यावर कमान उभी राहिली आहे. कमानीच्या खांबाला काळं ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरांत 'आद्य वसाहतकार' आणि खाली नावं. स्मरणिकाही निघणार आहे. समितीचा अध्यक्ष माझा सख्खा मोठा भाऊ, आमचा दादा. त्यानं फोन केला, "तू मास्तरीण हायस, तूच लिव्ह. जुन्या लोकांच्या कष्टावर चार शब्द. आन् जरा गोड लिव्ह." मी कमानीपाशी उभी राहून सगळी नावं वाचली. माझ्या वडिलांचं आहे. जे दोन वर्षांत माळाला कंटाळून इचलकरंजीला मागावर कामाला गेले आणि परत फिरकले नाहीत, त्यांचंही आहे. आत्तीचं नाही. विचारलं तर दादा म्हणाला, सातबाऱ्यावरची नावं घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हा गोड काही लिहायला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचं मूळ गाव शाहूवाडीच्या डोंगरातलं, भाताचं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आणि आम्हाला ट्रकमधून जिल्ह्याच्या पूर्वेला एका उघड्या माळावर आणून उतरवलं. मी पाच वर्षांची होते, दादा नऊ. माळावर सावली अशी नव्हतीच, बोरीची काटेरी झुडपं तेवढी होती आणि बाकी सगळा मुरूम आणि दगड. आत्ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून माहेरी आलेली, तिशीच्या आतली. जमीनवाटपाच्या टेबलापुढं तीही रांगेत उभी राहिली. कारकून म्हणाला, "बाई, तुमचं नाव सासरच्या गावात." सासरचं गाव बुडालेलं नव्हतं आणि तिथं हिला कुणी दारात उभं करत नव्हतं. आत्ती म्हणाली, "म्हंजे मी एकटीच धरणात बुडलो म्हना की." कारकून हसला. पुढं वडिलांच्या नावचा कागद करताना साक्षीदार कमी पडला, तेव्हा त्याच कारकुनानं आत्तीचा अंगठा साक्षीदार म्हणून उठवून घेतला. त्या जमिनीच्या कागदांवर तिची तेवढीच खूण आहे. नंतर आयुष्यभर तिनं कुठल्याही कागदावर अंगठा दिला नाही.

भातवाल्या माणसांनी माळावर जे करू नये ते सगळं केलं. घरं बांधली ती डोंगरातल्यासारखी. पश्चिमेची भिंत आंधळी, बिनखिडकीची, छप्पर जमिनीला टेकायला आलेलं, कारण आमच्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. इथं झोडपायला पाऊसच नव्हता. उन्हाळ्यात घरात वाऱ्याची झुळूक शिरायची नाही, आम्ही आत शिजून निघायचो, आणि शेजारच्या जुन्या गावातली माणसं लांबून बघून हसायची. वडिलांनी पहिल्या वर्षी तरवा टाकला, म्हणजे भाताची रोपं करायला बी फेकलं. रोप वीतभर आलं आणि लावणीपुरतं पाणी काही पडलं नाही. ते पिवळं पडत गेलेलं रोप समोर ठेवून वडील पश्चिमेकडं तोंड करून बसायचे. सकाळ-दुपार तसेच. शेवटी आत्तीनं त्यांना चारचौघांत शब्दांनी झोडपलं, "आण्णा, पाऊस तिकडं ऱ्हायला. तू हितं हाईस. ऊठ की!" वडील उठले नाहीत. आत्ती मग एकटीच निघाली.

ती गेली जुन्या गावात. त्या गावानं आम्हाला विहिरीवर पाय ठेवू दिला नव्हता. आम्हाला दिलेला माळ म्हणजे त्यांच्या जनावरांचं चरायचं रान होतं. घरात सगळे त्यांना शिव्या घालायचे. आत्ती तेवढी घालायची नाही. "त्यांचं रान गेलं, ती चिडनारच. मी तर पेटवलं असतं," असं म्हणायची. कुणालाही न विचारता ती एका म्हातारीच्या रानात शिरली आणि खुरपं घेऊन भांगलायला बसली. तीन दिवस म्हातारीनं बांधावरून नुसतं बघितलं. चौथ्या दिवशी जवळ आली.

"कोन गं तू?"

"धरणवाली."

"मग माज्या रानात काय करतीयास?"

"तुमच्या रानात हुलगा कसा येतो त्ये बघाया आलो. मुरूम तुमचा बी तसाच हाय आन् आमचा बी."

म्हातारीनं ओटीभर हुलगे, म्हणजे कुळीथ, दिले आणि दोन गोष्टी सांगितल्या. आधी दगड काढा, आणि काढलेले दगड लांब टाकू नका, उताराच्या आडवे रचा, म्हणजे वाहती माती तिथं थांबेल. आत्तीनं घरी येऊन पहार उचलली, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं ती खाली ठेवली नाही. दगडआत्ती हे नाव जुन्या गावानंच पाडलं, चेष्टेनं. तिला ते कळल्यावर ती म्हणाली, "बरं हाय. सातबाऱ्यावर न्हाय, निदान लोकांच्या तोंडात तरी नाव हाय."

तो बांध मी वाढताना पाहिला आहे. आधी माझ्या गुडघ्याइतका, मग कमरेइतका, शेवटी छातीला लागला. त्यात चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. रानातून घरी येणाऱ्यानं वाटेत एक दगड ठेवायचाच. आम्हाला शाळेतून आल्यावर खायला मिळायचं ते दोन-दोन दगड झाल्यावर. दादा चुकवायचा. आत्ती त्याला कान धरून परत न्यायची आणि त्याच्याच हातानं दगड फिरवून घ्यायची. "रुंद बाजू खाली" हे वाक्य आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. पावसाळा संपला की ती बांधाच्या वरच्या अंगाला बसायची आणि साठलेल्या मातीत हात खुपसायची. पहिल्या वर्षी बोटं बुडाली. मग मनगट. ज्या वर्षी कोपरापर्यंत हात गेला त्या वर्षी तिनं आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवला, हात वर काढला आणि वडिलांवरच ओरडली, "आता तरी तोंड इकडं फिरव!" त्या वर्षी आमच्याकडं पहिल्यांदा शाळू, रब्बीची ज्वारी, पिकला.

पुढं कॅनॉल आला. ज्या धरणात आमचं गाव बुडालं त्याच धरणाचं पाणी आमच्या वसाहतीला मिळालं. पाणी सोडलं त्या दिवशी बायका ओटी भरायला नारळ, हळदी-कुंकू घेऊन आल्या. पुढारी आले, फोटो निघाले. आत्ती हात हलवत आली, तशीच कॅनॉलात उतरली आणि पाण्यात उभी राहून पाण्याला शिव्या देऊ लागली. "आमचं घर गिळलंस, देऊळ गिळलंस, आन् आता येतीयास व्हय? किती वर्सं लावलीस गं भवाने!" पुढाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मला तेव्हा हसू आलं होतं. आज ते आठवलं की हसू येत नाही, कारण त्या सबंध समारंभात खरं बोलणारी ती एकटीच होती.

पाणी आलं आणि वसाहत पालटली. ऊस उभा राहिला, म्हशी आल्या, दुधाची संस्था झाली, आंधळ्या भिंतींची घरं पाडून स्लॅबचे बंगले झाले. ज्या गावानं आम्हाला विहिरीवर येऊ दिलं नव्हतं तिथल्या मुली आमच्यात दिल्या गेल्या. मला कोल्हापूरला शिकायला ठेवायचं ठरलं तेव्हा घरातून विरोध झाला. आत्तीनं तो नुसत्या आवाजावर मोडून काढला. मला एस.टी.त बसवताना तिनं मायेचं असं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "शीक. आन् कुटं सही मागितली तर आदी वाच."

मी शिकले, शिक्षिका झाले, पंचवीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. हक्क म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दिलं. आणि वडील वारले त्या वर्षी दिवाळीला दादानं माझ्यापुढं हक्कसोडपत्र ठेवलं, तेव्हा मी ते वाचलंही आणि सहीही केली. आपल्याकडं बहिणी असंच करतात. जमिनीवरचा हक्क सोडायचा, साडी घ्यायची आणि माहेरचं दार उघडं राहिलं म्हणून समाधान मानायचं. सही करणारी बहीण चांगली, न करणारी हावरी. मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं, दुसरं काही कारण नाही. वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती, आणि आत्ती उंबऱ्यातून ओरडत होती.

"सही करू नगंस! साडी ने, पोटभर जेव आन् घरला जा. पर सही करू नगंस. माज्याकडं बघ की गं जरा!"

मी तिच्याकडं बघितलं नाही. दादा म्हणाला, "आत्ती, घरच्या गोष्टीत बोलू नगंस." पंचेचाळीस वर्षं त्या घराचा दगड न् दगड उचललेल्या बाईला तो हे म्हणाला आणि मी पेन उचललं. आत्ती रानात निघून गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिच्या ओरडण्याची मला सवय होती, त्या गप्प राहण्याची नव्हती.

गेल्या काही वर्षांत एक नवीन टूम निघाली आहे. शहरातली पैसेवाली माणसं गावाकडं फार्महाऊस बांधतात आणि त्यांना कुंपणाला जुना, ऊन-पाऊस खाल्लेला काळा दगड हवा असतो. अशा एकाला आमचा बांध आवडला. दादालाही बांध नकोच होता. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते, शिवाय बांधाखालची जागा सुटली तर उसाच्या चार सऱ्या वाढतात, असं त्याचं म्हणणं. पहिल्यांदा जेसीबी आला तेव्हा आत्ती बांधावर जाऊन बसली. पंचाहत्तरीची बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं मशीन तिला नीट दिसतही नसेल. "माज्यावरनं घाला," म्हणाली. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं आणि तो परत गेला.

पंधरा दिवसांनी दादाचा मला फोन आला. आत्तीचे डोळे फार गेलेत, कोल्हापुरात ऑपरेशन करूया, आठ-दहा दिवस तुझ्याकडं ठेव. उशिरा का होईना, याला कळलं, असं वाटलं. आत्तीही आली. राजारामपुरीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये ती काळा चष्मा लावून बसायची, मी वेळेवर थेंब घालायची. तिथंच तिनं माझ्याशी बोलणं पुन्हा सुरू केलं, म्हणजे ओरडणं. डोळे मिटून पडल्या पडल्या ती मला विचारायची, "बांधावर कोन गेलतं का? फोन लावून इचार." मी दादाला विचारायची. दादा म्हणायचा, सगळं व्यवस्थित आहे म्हणून सांग. मी तसं सांगायची. नवव्या दिवशी मी स्वतः गाडी करून तिला वसाहतीवर घेऊन गेले.

बांध नव्हता. एकही दगड नव्हता. कडेपर्यंत नांगरट झालेली आणि पलीकडं जुन्या गावाची झाडं एकदम उघडी पडलेली. आत्तीनं काळा चष्मा काढला. मला वाटलं आता ती आकाशपाताळ एक करेल. मी वाट बघत होते, मला ते हवं होतं. तिनं चष्मा पदरात गुंडाळला आणि ती म्हणाली, "चांगलं केलंस डोळ्याचं. लांबपतुर दिसतंय."

मी दादाकडं गेले आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर हात उगारला. तो शांतपणे म्हणाला, "तुजा काय संबंध? तू सोडलंयस की." तो खोटं बोलत नव्हता. माझी सही कागदावर होती. आत्तीचा तर कागदावर साक्षीदारापुरता अंगठा. आम्हा दोघींना त्या रानात उभं राहायचासुद्धा हक्क नव्हता, आणि मला हे कळायला बांध जावा लागला.

त्या पावसाळ्यात वरच्या अंगाची माती वाहून गेली. लगेच सगळी नाही, पण जिथं आत्तीचा हात कोपरापर्यंत जायचा तिथं पाऊस सरल्यावर तिनं हात खुपसला तर बोटंच आत गेली. उसाच्या मुळ्या उघड्या पडल्या, मुरूम वर आला आणि मुरमातून पुन्हा दगड वर आले. ती घरी येऊन खाटेवर पडली. मी दर रविवारी जायची. ती कुणावर ओरडत नव्हती. भाकरीत मीठ कमी असलं तरी खायची. वहिनी म्हणाली, आत्ती आता कशी शांत झाली. मला वहिनीच्या तोंडात मारावंसं वाटलं. थंडीत एका सकाळी आत्ती गेली. शेवटच्या रविवारी तिनं माझा हात धरून एवढंच विचारलं होतं, "सही करताना वाचलीस का गं?" मी हो म्हटलं. "मग वाचून काय झालं?" म्हणाली.

आता मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. दर रविवारी पहिल्या एस.टी.नं वसाहतीवर जाते, घरात न जाता थेट रानात जाते आणि मुरमातून वर आलेले दगड जुन्या रेघेवर रचते. कंबर मोडते, बोटं सोलतात. लोक बघतात, हसतात. बांध आता घोट्याच्या जरा वर आला आहे. गेल्या रविवारी दादा तिथं आला. कार्यक्रमाची निमंत्रणं वाटायला निघालेला, पांढऱ्या परीटघडीच्या कपड्यांत.

"लेख झाला का?"

"झालाय. गोड न्हाय. छापायचा का न्हाय ते तू बघ."

तो बांधाकडं वळला. "ह्ये काय चालवलंयस? लोक काय म्हनतील? तू हक्क सोडलायस."

"जमिनीचा सोडलाय," मी म्हणाले. "दगडाचं कागदात काय न्हवतं. मी वाचलंय."

ऊन वाढलं होतं. तो घामेजला होता. माझी पाण्याची बाटली बोरीच्या बुडख्याशी सावलीला ठेवलेली. तो तिच्याकडं वाकला. मी बाटली उचलून मागं घेतली आणि त्याच्या पायाशी पडलेला दगड दाखवला. तो चिडला. मीही चिडलेलीच होते. दोघंही साठीच्या आसपासची माणसं, भर माळावर एका बाटलीसाठी एकमेकांकडं बघत उभी. मग त्यानं बाह्या सारल्या, खाली वाकला आणि दगड उचलला. पांढऱ्या शर्टाला माती लागली. त्यानं तो नेला आणि बांधावर ठेवला.

"रुंद बाजू खाली," मी म्हणाले.

त्यानं दगड फिरवला. फट राहिली होती, तिथं न सांगता कपची घातली. मग मी त्याला पाणी दिलं.